गिरणीच्या माडीवरचा कापणीचा सण

आमच्या इमारतीच्या मागे भाताचं एक खाचर अजून शिल्लक आहे. ते का शिल्लक आहे हे साऱ्या बदलापूरला ठाऊक आहे. दोघा भावांचा दावा चालू आहे, म्हणून बिल्डरला हात लावता येत नाही. त्यामुळे दिवाळी उरकली की माझ्या सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत कापलेल्या भाताचा वास येतो, आणि मी मनातल्या मनात त्या भावांचे आभार मानते. लोकांच्या भांडणातून कुणाला काय मिळेल सांगता येत नाही.

यंदा त्या वासापाठोपाठ फोनवर मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, संदेश आला. ‘येत्या रविवारी कापणीचा सण. भाजीपाला, कोंबड्या इत्यादी आणू नये. दानासाठी खाली कोड दिला आहे.’ तो काळा-पांढरा चौकोन मी चष्मा वर-खाली करून पाहिला. देवाला द्यायच्या पहिल्या पिकाचं असं कोडं झालेलं अण्णांनी पाहिलं असतं, तर त्यांनी त्या चौकोनाचाही लिलाव पुकारला असता.

अण्णा म्हणजे माझे वडील. अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारे, आणि रविवारी आमच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे एल्डर. एल्डर म्हणजे मंडळीचा कारभार पाहायला सभासदांनीच निवडलेला जाणता माणूस. प्रेस्बिटेरियन म्हणजे काय, ते मात्र मला कॉलेजात जाईपर्यंत नीट सांगता येत नसे. मैत्रिणींनी विचारलं की मी म्हणे, “आमच्याकडे बिशप नसतो.” त्यावर त्या विचारत, “मग असतं काय?” मी म्हणे, “मीटिंग.” आज इतक्या वर्षांनी विचार केला तरी याहून अचूक व्याख्या मला सुचत नाही.

आमच्या मंडळीचा इतिहास कुणी लिहिला नाही, आणि लिहिला असता तर पोस्टकार्डात मावला असता. मिरजेकडची तीन तरुण मुलं कारखान्यात लागली. पहिली उपासना बुवापाड्यातल्या एका खोलीत, स्टोव्ह खाटेखाली ढकलून झाली. मग बायका आल्या, पोरं आली, खाटेखालची जागा पुरेना. तेव्हा पिठाच्या गिरणीवरची माडी भाड्याने घेतली. पाटी रंगवणाऱ्याने मंडळीचं नाव ऐकलं, फळीची लांबी पाहिली, आणि भाव वाढवला.

रविवारी गिरणी बंद असे, पण पीठ काही सुट्टीवर जात नसे. पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून, खिडकीच्या गजांवरून, पंखा लावला की पात्यांवरून ते अंगावर येई. आमचे पाळकसाहेब कल्याणहून स्कूटरवर यायचे. डिकीतून घडी केलेला काळा झगा काढून चढवायचे. उपासना सुरू होताना झगा काळा असे, आशीर्वाद देताना करडा. गायनाची बाजू माझ्याकडे होती, कारण मंडळीत माझा आवाज सर्वांत मोठा होता. सुरात कोण होतं हा प्रश्न आमच्या मीटिंगमध्ये कधी निघाला नाही. प्रत्येक कडव्यानंतर एक शिंक ठरलेली.

माडीचे मालक सेठ उल्हासनगरचे सिंधी. इतकं कमी भाडं का घेता, असं अण्णांनी त्यांना एकदा विचारलं. सेठ म्हणाले, “देखो साईं, संडे को गिरणी बंद. ऊपर तुम लोग इतना ज़ोर से गाते हो, कोई चोर आएगा क्या?” मी हे माझ्या गाण्याचं पहिलं आणि शेवटचं जाहीर कौतुक म्हणून जपून ठेवलं आहे.

मंडळी म्हटली की मिशन हवं. आमचं मिशन म्हणजे बुवापाड्यातला संध्याकाळचा अभ्यासवर्ग. उत्साह मोठा होता. मी एकोणीस वर्षांची, पहिल्याच दिवशी बायबलातल्या गोष्टींची रंगीत चित्रं घेऊन गेले. शेजारच्या शेवंतामावशींनी दारातच थांबवलं. म्हणाल्या, “बाई, आमचं एकदा झालंय, छप्पन्न साली. आता परत बदलायचं काम नाही. तू आपली पोरांना गणित शिकीव.” मी गणित शिकवलं. ते मला येत नव्हतं, म्हणून आदल्या रात्री मी ते अण्णांकडून शिकून घेई. आमच्या मिशनने इतक्या वर्षांत एकाही माणसाचा धर्म बदलला नाही. पण त्या वर्गातली बरीच मुलं मॅट्रिक झाली, आणि मलाही अपूर्णांक समजले.

कापणीचा सण आम्ही कारखान्यातली माणसं का करत होतो, हाही एक प्रश्नच आहे. शेत कुणाकडे नव्हतं. पण मिरजेकडे आजोबा-पणजोबा पहिलं पीक देवापुढे ठेवत आले, म्हणून आम्हीही ठेवत होतो. थंडी पडायला लागायची. मोरिवलीकडच्या कारखान्यांचा वास गार हवेबरोबर खाली उतरायचा, कधी हिंगासारखा, कधी नेलपॉलिशसारखा. आणि त्यातून वाट काढत माणसं माडीचा जिना चढायची. कुणाच्या हातात क्वार्टरमागची चार वांगी, कुणाकडे अंडी, कुणाकडे अळूची गड्डी. ज्याच्याकडे काहीच उगवत नसे तो काडेपेट्यांचा पुडा आणी, नाहीतर उल्हासनगरातून कापडाचे तुकडे. पाळकसाहेब सगळ्यासाठी एकच प्रार्थना करत. काडेपेटीही देवाने उगवली, यावर कुणाचं दुमत नव्हतं.

उपासना संपली की लिलाव. पुकारणारे अण्णा. या लिलावाची रीत बाहेरच्याला सांगून कळत नाही. तुम्ही वांगी बोली लावून घ्यायची, पैसे द्यायचे, आणि वांगी परत टेबलावर ठेवायची. मग ती दुसरा घेणार, तोही परत ठेवणार. एकेक कोंबडी अख्ख्या मंडळीच्या हातातून फिरायची. शेवटी सगळं एका मोठ्या पातेल्यात जायचं आणि सगळे एकत्र जेवायचे. वस्तू घरी नेणं म्हणजे देवाच्या ताटातून उचलणं.

सेठना हे कोण सांगणार? त्यांना लिलावाचा षोक. पहिल्याच वर्षी त्यांनी चढी बोली लावून कोंबडी घेतली आणि काखेत मारून जिना उतरले. खजिनदार मनोहरकाका मागे धावले. “सेठ, वो वापस रखना होता है!”

“वापस?” सेठ जिन्यात थांबले. “पैसा दिया, मुर्गी लिया. इसमें वापस क्या?”

मनोहरकाका वर आले आणि अण्णांकडे पाहू लागले. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ, असं ठरलं.

या सणाचा राजा म्हणजे भोपळा. तो यायचा आक्काकडून. आक्का अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, पण घरात लहानमोठे सगळेच तिला आक्का म्हणायचे. तिचं घर बदलापुरात मांजर्लीला, नदीजवळ. पावसात उल्हास नदी अंगणापर्यंत यायची, कधी घरात, आणि जाताना गाळ ठेवून जायची. त्या गाळात तिच्या नवऱ्याने भोपळ्याचा वेल लावला होता. तो पत्र्यावर चढायचा आणि दिवाळीला असा भोपळा द्यायचा की दोघांनी उचलावा.

आक्काचे यजमान म्हणजे आमचे भाऊजीमामा. अण्णा त्यांना भाऊजी म्हणत आणि आम्हाला दुसरं नाव सुचलं नाही, म्हणून आम्ही पुढे मामा जोडला. मोठा गडगडाटी माणूस. सगळ्यांना सगळं कबूल करायचा आणि विसरायचा. दर वर्षी लिलावात अण्णा तो भोपळा हातात घेऊन त्यावर टिचकी मारायचे, कान लावायचे आणि पुकारायचे, “मंडळी, आवाज पोकळ येतोय. अगदी आमच्या भाऊजींच्या वायद्यासारखा!” आणि दर वर्षी मागच्या बाकावरून भाऊजीमामांचं हसू सर्वांच्या आधी येई. त्यांच्या हसण्यानेच बोली सुरू होई.

एका पावसाळ्यात भाऊजीमामा गेले. ताप आला आणि गेले. त्या वर्षीचा कापणीचा सण आला तेव्हा आक्का पांढऱ्या पातळात, नाशिकहून आलेल्या मुलाला हाताशी धरून, भोपळा घेऊन आली. वेल त्यांनीच लावलेला होता. अण्णांनी भोपळा उचलला. मेव्हणा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? खांदा त्यांनीच दिला होता. पण हातात भोपळा आला, टिचकी वाजली, आणि तोंडाने आपलं नेहमीचं काम केलं.

“मंडळी, आवाज पोकळ येतोय. अगदी आमच्या भाऊजींच्या…”

मागच्या बाकावरून हसू आलं नाही. पंखा तेवढा फिरत होता आणि पीठ पडत होतं.

आक्का उठली. पदर सारखा केला आणि जिना उतरून गेली. जेवायला थांबली नाही. तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद.

आता बिल्ल्यांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, वर्षातून चारदाच. त्याच्या आदल्या आठवड्यात एल्डर घरोघर जाऊन प्रत्येकाला एक पितळी बिल्ला द्यायचा. रविवारी तो बिल्ला ताटात टाकला तरच भाकरीला हात लावायचा. कुठल्या तरी जुन्या साहेबाने समुद्रापलीकडून आणलेली ही रीत इतर मंडळ्यांनी केव्हाच सोडली होती. आम्ही सोडली नाही, कारण अण्णांनी लेथवर नवे बिल्ले करून ठेवले होते आणि ते फुकट कशाला घालवायचे? अट एकच. ज्याचं कुणाशी भांडण आहे, त्याला बिल्ला मिळणार नाही. आधी समेट, मग भाकर.

अण्णा या बाबतीत कर्दनकाळ. क्वार्टरमधले गायकवाड बंधू नळावरून भांडले, तेव्हा अण्णा दोघांच्या मधल्या पायरीवर जाऊन बसले. एकाकडचा चहा झाला, दुसऱ्याकडचा झाला. “भांडण तुम्ही ठेवणार असाल तर बिल्ले मी ठेवतो. माझा खिसा मोठा आहे,” म्हणाले. संध्याकाळपर्यंत नळाच्या वेळा ठरल्या.

आता त्याच खिशात त्यांचा स्वतःचा आणि आक्काचा असे दोन बिल्ले उरले. मनोहरकाका समजावू लागले, “अहो, सख्खी बहीण. घरातल्या घरात एवढं धरायचं नसतं.”

अण्णा म्हणाले, “गायकवाडही सख्खेच होते.”

त्यांनी दोन्ही बिल्ले पाळकसाहेबांच्या हवाली केले. एरवी भाकरीचं ताट फिरवणारा माणूस प्रभुभोजनाच्या रविवारी शेवटच्या बाकावर हात बांधून बसू लागला. आक्का दुसऱ्या टोकाला, तशीच. ताट दोघांच्या पुढून निघून जाई. मध्ये मी सर्वांत मोठ्याने गात असे. एरवी मी गायले की दोघं एकमेकांकडे बघून तोंड वाकडं करायचे. आता तेही बंद झालं होतं.

समेट करायला अण्णा गेले का नाहीत, असं मला आजही लोक विचारतात. गेले होते. मांजर्लीच्या वळणापर्यंत सायकलने जायचे आणि परत यायचे. जो माणूस दुसऱ्यांच्या पायऱ्यांवर दिवस दिवस बसला, त्याला स्वतःच्या बहिणीची पायरी सापडेना. काय बोलणार? ‘चुकून बोललो’ म्हणावं तर मेव्हणा गेल्याचं विसरलो असं होतं. ‘मुद्दाम नव्हतं’ म्हणावं तर मग काय होतं? त्यांची सगळी बुद्धी विनोदात होती, आणि त्याच विनोदाने घात केला होता. त्यांनी विनोद करणंच सोडलं. आमचं घर इतकं शांत झालं की आई एकदा म्हणाली, “पूर्वी वैताग यायचा, तो बरा होता.”

फक्त एक गोष्ट मी पाहिली होती. त्या रविवारी पातेल्यात जाण्याआधी भोपळा चिरला, तेव्हा अण्णांनी बिया रुमालात बांधून घेतल्या. घरी त्या डब्याच्या झाकणात वाळत होत्या. आईला वाटलं, खायला ठेवल्यात. तिने निम्म्या मीठ लावून भाजल्या. उरलेल्या उचलून अण्णांनी हत्यारांच्या पेटीत ठेवल्या.

पुढच्या पावसात नदी मांजर्लीत शिरली. आक्का शेजाऱ्यांच्या पोटमाळ्यावर बसून राहिली. पाणी उतरल्यावर अण्णांनी मला कोरडं अंथरूण-पांघरूण देऊन पाठवलं आणि बजावलं, “आईनं दिलंय म्हण.”

आक्का अंगणातला चिखल ओढत होती. या वेळी नदीने गाळ ठेवला नव्हता, उलट वेलासकट माती खरवडून नेली होती. पत्रा उघडा दिसत होता.

“कुणी दिलं गं?” तिने विचारलं.

“आईनं.”

तिने चादर नाकाला लावली. “तुझ्या आईच्या चादरीला लेथचं ऑइल कवापास्नं लागाय लागलं?” मग चादर खांद्यावर टाकून म्हणाली, “ठेव आत. आणि बापाला सांग, पोचलं म्हणून. नगं, काय सांगू नगंस.”

जाताना तिने मला आणखी एक सांगितलं. नाताळानंतर ती मुलाकडे नाशिकला जाणार होती, कायमची. घराचं गिऱ्हाईक ठरलं होतं. मी घरी येऊन दोन्ही निरोप दिले, न सांगण्याचा आणि जाण्याचा. अण्णा उठून क्वार्टरच्या मागे गेले.

तिथे त्यांचा वेल होता. टर्नर माणसाने लावलेला वेल कसा असावा तसा. तारा ओळंब्यात बांधलेल्या, आळं कंपासने आखल्यासारखं. फुलं भरपूर, फळ नाही. आई फुलांची भजी करी, आम्ही खात असू. अखेर एक फळ धरलं. ते इतकं हळू वाढलं की रोज बघणाऱ्याला आशा सोडावी वाटे. दिवाळीला ते शहाळ्याएवढं झालं आणि थांबलं.

प्रभुभोजन कापणीच्या सणानंतरच्या रविवारी होतं. आक्का जाण्याआधीचं शेवटचं. पाळकसाहेब त्या आठवड्यात घरी आले. त्यांनी खिशातून एक बिल्ला काढून अण्णांच्या पुढ्यात ठेवला. “हा आक्कांचा. तुमच्याकडे ठेवा. तुमचा मी त्यांच्याकडे देऊन आलोय. वर्षभर माझ्या खिशात दोन्ही वाजतायत, प्रवचन सुचत नाही.”

“नियमात बसतं का?” अण्णांनी विचारलं.

“पुढच्या मीटिंगमध्ये विषय घ्या,” पाळकसाहेब म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

सणाच्या दिवशी आक्का रिकाम्या हाताने जिना चढली. टेबलावर वांगी, अंडी, काडेपेट्या. अण्णांनी लिलाव पुकारला, पण एवढा कोरडा लिलाव मी पाहिलेला नाही. “वांगी. बोला. एक वार, दोन वार, तीन वार. अंडी. बोला.” दुकानातला काटा जास्त बोलका. सेठसुद्धा कंटाळून खिडकीतून बाहेर बघू लागले.

शेवटी अण्णांनी पिशवीतून तो भोपळा काढला. कुणीतरी खोकलं. आक्काने मान वर केली. तिने भोपळ्याचा रंग पाहिला, त्याच्या पाठीवरच्या रेघा पाहिल्या. कुठल्या वेलाचा आहे ते तिला सांगावं लागलं नाही.

अण्णांनी टिचकी मारली नाही. दोन्ही हातांनी तो धरला आणि म्हणाले, “भोपळा. लहान आहे.” ‘बोला’ म्हणायचं राहूनच गेलं.

सेठना दया आली असावी. “पाँच रुपया,” ते म्हणाले. मनोहरकाका दहा म्हणाले. मग बाकांमधून आक्का पुढे आली. पदराची गाठ सोडली आणि टेबलावर काहीतरी ठेवलं. पितळेचा आवाज झाला.

“ही माझी बोली,” ती म्हणाली. वर्षभरात अण्णांशी बोललेले हे तिचे पहिले शब्द.

बिल्ला अण्णांचा होता. स्वतः कातलेला, कड घासलेली. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. “एक वार,” ते म्हणाले. “दोन…”

“तीन वार!” मागून गायकवाड बंधू एकदम ओरडले. दोघं, एका सुरात, नळाच्या भांडणानंतर प्रथमच.

अण्णांनी बिल्ला उचलून खिशात टाकला. मग दुसऱ्या खिशात हात घातला, आक्काचा बिल्ला काढला आणि भोपळ्याच्या डोक्यावर ठेवून दोन्ही तिच्या पुढे केलं.

“एवढ्याशा भोपळ्याला फार झाले,” ते म्हणाले. “हे सुट्टे घ्या.”

पुन्हा पंखा आणि पीठ. मग हसू आलं. गडगडाटी नव्हतं, पण सर्वांच्या आधी आलं. ते आक्काचं होतं.

तिने भोपळा पिशवीत घातला आणि जिन्याकडे निघाली. मनोहरकाका सवयीने मागे धावले. “आक्का, अहो, परत ठेवायचा असतो!”

“का म्हणून?” आक्का वळून म्हणाली. “घेतलाय मी.”

“बराबर है,” सेठ म्हणाले. त्यांना अखेर मंडळीत एक समविचारी माणूस भेटलं होतं.

पुढच्या रविवारी ताटात दोन बिल्ले लागोपाठ पडले. अण्णांनी ताट फिरवलं, आक्काने भाकर घेतली. याविषयी फार सांगण्यासारखं नाही. नेहमीसारखी उपासना झाली, झगा करडा झाला, मी वरच्या पट्टीत गायले आणि दोघांनी एकमेकांकडे बघून तोंड वाकडं केलं.

नाताळानंतर आक्का गेली. मांजर्लीच्या त्या जागेवर आता चार मजले आहेत आणि पाणी अजूनही येतं. गिरणी गेली, माडी गेली. मंडळीला स्वतःची इमारत आहे, तिथे पीठ पडत नाही. बिल्ले बंद करायचा ठराव एका मीटिंगमध्ये झाला. त्याआधीच्या कितीतरी मीटिंगा त्यावरून भांडण्यात गेल्या होत्या, हे आमच्या रीतीला धरूनच. आता भाकर सगळ्यांना मिळते, कुणी कुणाला विचारत नाही. ते बरं की वाईट, मला ठरवता येत नाही. कुणी पायरीवर येऊन बसत नाही, एवढं खरं.

माझ्या बाल्कनीतल्या ड्रममध्ये यंदा वेलाला एक फळ धरलंय. हा वेल त्याच बियांचा असता तर लेखाला शोभला असता, पण नाही. बी नर्सरीतून पाकिटातलं आणलंय. तरी रविवारी तो भोपळा मी लिफ्टने खाली नेणार आहे. फोनवरच्या संदेशात मनाई आहे खरी. मी पुढच्या मीटिंगमध्ये विषय घ्या म्हणेन.

नाशिकला गेले होते तेव्हा एकदा मी आक्काला विचारलं होतं की तो अण्णांचा भोपळा लागला कसा. ती गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, “पाणचट हुता बघ. अगदी त्याच्या इनोदावाणी.”

मग मूठभर शेंगा मोडून झाल्यावर म्हणाली, “सगळा खाल्ला मी. एकटीनं.”